खडीवर ओतलेली वाइन

लखनौ

आम्ही मूळचे वाईचे. पण माझी नोकरीची सारी वर्षे लखनौच्या छावणी भागातील एका शाळेत भूगोल शिकवण्यात गेली, आणि निवृत्तीनंतर निशातगंजमधल्या घरीच आम्ही राहिलो. बर्गंडी हा फ्रान्सचा प्रांत मी फळ्यावर अनेकदा काढला होता. चुनखडीचा लांबट उतार, पूर्वेकडे तोंड, उतारावर द्राक्षवेली. एवढे काढले की विद्यार्थी वह्यांत उतरवून घेत. त्या उतारावर आपण कधी उभे राहू, असे मात्र मला वाटले नव्हते, आणि तिथे जी वस्तू पिकते ती तोंडाला लावू, असे तर मुळीच नाही. आमच्या घरात कोणी घेत नाही.

हा प्रवास घडला तो माझी मुलगी मृणाल हिच्यामुळे. गोमती नगरमधील एका हॉटेलात ती वाइन वाढण्याचे काम पाहते. वाढण्याचे काम म्हणजे कोणत्या पदार्थाबरोबर कोणती वाइन द्यावी हे सांगणे. पण आमच्याकडचे पाहुणे ती बर्फ घालून मागतात आणि मृणाल हसून बर्फ घालते. ती फ्रेंच शिकली होती, परीक्षा दिल्या होत्या, आणि आता तिला एका छोट्या वाइनघरात वर्षभर राहून काम शिकायचे होते. बोन या गावाजवळच्या ओदील नावाच्या बाईंनी तिला कळवले होते: दरवर्षी मी एकच माणूस घेते. आधी चार दिवस या, राहा. तुम्ही निघेपर्यंत माझा निर्णय झालेला असेल.

मृणाल एकटीच जाणार होती. माझी पत्नी मालती आडवी आली.

"अहो, वर्षभर मुलगी परक्या घरात राहणार. घर बघितल्याशिवाय कसं पाठवायचं? स्थळ बघायला जातो तसं जाऊन या. माझे गुडघे बरे असते तर मीच गेले असते."

"तिथे चहा-पोहे देणार नाहीत."

"मग जे देतील ते घ्या. नावं ठेवू नका म्हणजे झालं. आणि घर कसं आहे तेवढं मला नीट सांगा."

पानात वाढलेल्याला नावे ठेवायची नाहीत, हा आमच्या घरातला पहिला नियम. आमटीत मीठ नसले तरी ताटावरून उठताना 'छान झाली होती' म्हणायचे. लखनौने या नियमावर आपली नक्षी चढवली, एवढेच.

मृणाल लखनौतच वाढली; तिला मराठी समजते, पण बोलते ती हिंदीतच. तिची अट वेगळी होती. "बाबा, आप चलेंगे तो मुझे अच्छा लगेगा. पर वहाँ क्लास मत लीजिएगा."

"मी कधी क्लास घेतो?"

"अभी ले रहे हैं."

जूनच्या शेवटी आम्ही निघालो. मालतीने पिशवीत लखनौची रेवडी आणि घरचा चिवडा घातला. माझ्यासाठी चौक बाजारातून चिकनकारीच्या भरतकामाचा पांढरा कुर्ता आणला होता. पाहुणा म्हणून जाताना पांढरे घालावे, असे तिचे मत. हे मत कोणत्या प्रसंगी अडचणीत येईल, याचा अंदाज आम्हा तिघांपैकी कोणालाच आला नाही.

बोन

बोन हे तटबंदीच्या आतले लहान गाव आहे. त्याची छपरे रंगीत कौलांची, चटईच्या विणीसारखी नक्षी घातलेली. बाजार शनिवारी भरतो. तिथे मोहरी ही फोडणीची वस्तू नसून वाटून बरणीत भरलेली, नाकात झिणझिण्या आणणारी चटणी आहे, हे मी एका काडीच्या टोकावरून शिकलो. विकणाऱ्या बाईने माझ्या डोळ्यांतले पाणी पाहिले आणि समाधानाने दुसरी बरणी उघडली.

वाचकांनी एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी म्हणजे पुढचे सोपे जाईल. या भागात लाल वाइन बहुतेक एकाच जातीच्या काळ्या द्राक्षांची होते. तिचे नाव पिनो न्वार. पांढरी शार्दोने या हिरव्या द्राक्षांची. काळ्या द्राक्षाचा रसही पिळल्यावर जवळजवळ रंगहीनच असतो. रंग सालीत असतो. लाल वाइन करताना रस सालींसकट आंबवतात, पांढरीसाठी आधी रस पिळून साली बाजूला करतात. लाल आणि पांढऱ्यात जो भेद आपल्याला एवढा मोठा वाटतो, तो साल किती काळ सोबत राहिली यावर आहे.

मात्र बाटलीवर द्राक्षाचे नाव बहुधा नसते. नाव असते गावाचे, किंवा शेताच्या तुकड्याचे. मला हे चटकन समजले, कारण आमच्याकडेही दशहरी आंबा घेताना माणूस आधी विचारतो, मलिहाबादचा का? आणि ठेलेवाला बिनदिक्कत म्हणतो, "बाबूजी, आज सुबह ही उतरा है." फरक इतकाच की बर्गंडीत असे कोणी खोटे सांगू लागला तर त्याला शेजारीच धरतील.

उतार

ओदीलबाईंचे घर गावाबाहेर, उताराच्या पायथ्याशी आहे. दगडी भिंती, निळ्या झडपा, अंगणात एक अक्रोडाचे झाड. बाई साठीच्या असाव्यात, आखूड केस, पायात रबरी बूट. इंग्रजी तुकड्यातुकड्यांनी बोलत. अडले की मृणालकडे पाहत. त्यांच्याबरोबर होते बेर्नार, त्यांच्या तळघराचे काम सांभाळणारे, भरघोस मिशांचे गृहस्थ. इंग्रजीचा एक शब्दही येत नसताना त्यांनी माझे नाव मात्र पहिल्या क्षणी ठरवून टाकले: प्रोफेसर.

दारात एक लहानसा घोळ झाला. लखनौच्या सवयीने मी बाजूला होऊन बाईंना आधी जाण्याची खूण केली. त्या यजमान म्हणून बाजूला झाल्या. दोघेही उभे राहिलो. बेर्नार आमच्या मधून आत गेले.

त्या दुपारी बाईंनी आम्हाला उतारावर नेले. जे मी इतकी वर्षे फळ्यावर काढत होतो ते पायांखाली आल्यावर मला माझ्या आकृतीतली एक उणीव दिसली: मी उतार सरळ काढत असे. तो सरळ नाही. वर, झाडीच्या कडेला, माती इतकी पातळ की खडक दिसतो. तिथल्या वाइनीत ताठपणा येतो. खाली, रस्त्याजवळ, माती जाड आणि ओलसर. तिथे द्राक्षे भरपूर, पण चव सैल. उत्तम ते मधल्या पट्ट्यात, जिथे पाणी थांबत नाही आणि मातीही वाहून जात नाही. हे सारे एका दमात चढून जाता येईल एवढ्या अंतरात घडते. दगडी बांधाच्या अलीकडचे शेत आणि पलीकडचे शेत यांची नावे वेगळी, आणि वाइनही वेगळी.

मृणालने वाकून माती हातात घेतली, चुरली, आणि वास घेतला. बाईंनी ते पाहिले.

"काय वास येतो?" मी विचारले.

"चूने का. जैसे पुताई के बाद घर में आता है."

तळघर

तळघरात शिरताना उन्हाळा वरच्या पायरीवर राहतो. कमानीखाली ओक लाकडाची पिंपे ओळीने आडवी ठेवलेली, जमिनीवर बारीक खडी. थुंकायला वेगळे भांडे नाही. वाइन चाखून खडीवर थुंकायची असते, आणि खडी ती पिऊन टाकते. चाखणे आणि पिणे या इथे दोन वेगळ्या क्रिया आहेत. दिवसभर चाखणारा माणूस पीत बसला तर दुपारपर्यंतही टिकणार नाही.

मी वाचून गेलो होतो की आधी पांढरी वाइन चाखावी, मग लाल. तसे मी म्हणालोही.

"बाबा. क्लास."

"इथे आधी लाल," बाई म्हणाल्या. त्यांनी दिलेले कारण मला पटले. लाल वाइनीचा तुरटपणा जिभेवर बसतो. नंतर आलेली पांढरी आपल्या आंबटपणाने तो धुऊन काढते. उलट गेलात तर त्या आंबटावर लाल वाइन नुसती कडवट लागते. जेवणाच्या टेबलावर क्रम वेगळा असेल, तळघरात हा.

बेर्नारांनी पहिल्या पिंपाचे बूच काढले आणि लांब काचेच्या नळीने वाइन ओढून चौघांच्या पेल्यांत थोडी थोडी सोडली. ती नळी मी शाळेच्या प्रयोगशाळेत पाहिली होती. तिला तिथे बोट लावून धरतात, इथेही तसेच. बाईंनी पेला फिरवला, वास घेतला, घोट तोंडात घोळवून खडीवर टाकला. आणि मग पेल्यात उरलेली वाइन त्यांनी सरळ पिंपात परत ओतली.

मी थबकलो. तोंड लावलेला पेला, आणि त्यातले उरलेले पुन्हा त्याच पिंपात, जिथून ते शेकडो परक्या माणसांच्या टेबलांवर जाणार. बेर्नारांनीही तेच केले. म्हणजे हा येथील रिवाज होता, आणि माझाही पेला त्याच वाटेने जाणार होता.

माझ्यापुढे प्रश्न उभा राहिला तो किळसेचा नव्हता, जबाबदारीचा होता. दुसऱ्याचे पिंप आपण उष्टे करायचे? त्याला आमच्याकडे एक उत्तर आहे. वाईला आजोळी तांब्यातले पाणी आम्ही सगळे वरूनच पीत असू, भांड्याला ओठ न लावता. मी मान मागे केली, पेला वर उचलला आणि वाइन वरून तोंडात सोडली.

तांब्याचा काठ बाहेर वळलेला असतो, धार नेमकी पडते. वाइनचा पेला पोटाशी रुंद आणि तोंडाशी अरुंद असतो. त्यातली वाइन काठावर गोळा होते आणि मग एकदम येते. थोडी तोंडात गेली. थोडी नाकात. बरीचशी मालतीने निवडलेल्या कुर्त्यावर.

बराच वेळ मी खोकत राहिलो. मग बेर्नार काहीतरी म्हणाले आणि मृणालने कपाळाला हात लावला.

"काय म्हणाले?"

"कह रहे हैं, प्रोफेसर, वाइन की ख़ुशबू नाक से ली जाती है, वाइन नाक में नहीं डाली जाती."

बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी मृणालला विचारले, का? हे असे का केले त्यांनी?

मृणाल फ्रेंचमध्ये बराच वेळ बोलली. मला त्यात ओळखीचा एकच शब्द ऐकू आला, 'उष्टं', आणि तो दोनदा आला. बाई ऐकत होत्या.

"काय सांगितलंस?"

"यही कि होंठ लगा हुआ हम लोग किसी और को नहीं देते. बुरा समझते हैं. सिर्फ़ घरवालों का चलता है."

"घरच्यांचं कशाला सांगितलंस?"

"सच है इसलिए. मेरी थाली का बचा हुआ हमेशा कौन खाता था?"

बाई "आ" एवढेच म्हणाल्या. मग त्यांनी माझ्या हातातला पेला घेतला, आणि त्यात शिल्लक होते ते खडीवर ओतून टाकले. मृणालचा पेलाही घेतला, तोही खडीवर. स्वतःचे आणि बेर्नारांचे तेवढे पिंपात. म्हणजे माझी सारी कसरत अनाठायी होती. या घरातही उष्ट्याचा नियम होताच. मला तो वाचता आला नव्हता.

पुढे दोन-तीन लाल झाल्या, मग पांढऱ्या. मृणाल प्रत्येक पेल्यावर काही म्हणे आणि बाई मान हलवत. मला फ्रेंच येत नसले तरी प्रत्येक वाक्याच्या शेवटी येणारा एक शब्द मला समजू लागला होता. तो 'छान' या अर्थाचा होता. तिसऱ्या पांढऱ्या पिंपाशी ती किंचित थांबली, पेला पुन्हा नाकाशी नेला. मग तोच शब्द म्हणाली. बाईंनी तिचा पेला घेऊन खडीवर ओतला.

वर आल्यावर बाईंनी माझा कुर्ता मागून घेतला आणि त्यावरच्या लाल डागांवर पांढरी वाइन ओतली. वर मीठ चोळले. डाग गेला नाही; पण त्याचा लाल रंग ओसरून फिकट जांभळा झाला. दुरून पाहिल्यास आता तो भरतकामाचाच भाग वाटतो.

जेवण

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही अंगणात अक्रोडाखाली जेवलो. मी अंडी खातो, मांस खात नाही, हे बाईंना आधी कळवलेले होते. त्यांनी ते लक्षात ठेवून चीज घालून भाजलेले हलके, आतून पोकळ गोळे केले होते. पुरीसारखे फुगलेले. सोबत बटाटे, सॅलड, शेळीच्या दुधाचे चीज. वाइन आली तेव्हा बाईंनी सर्वांआधी स्वतःच्या पेल्यात ओतून घेतली. आमच्याकडे यजमानीणबाई पाहुण्यांआधी स्वतःला वाढून घेऊ लागल्या तर सोयरीक मोडेल. इथे तो पाहुण्याचा मान असतो: बाटली बिघडलेली असेल तर ती यजमानाच्या तोंडात आधी जावी.

फोन वाजला म्हणून बाई आत गेल्या. बेर्नार मालतीची रेवडी चघळत होते. लाल वाइनीबरोबर ती त्यांना पसंत पडलेली दिसली. आम्ही तिघेच उरलो तेव्हा ते मृणालकडे वळून बोलू लागले आणि ती मला सांगू लागली.

"कह रहे हैं, मैडम का अपना तरीका है. मेहमान का गिलास ज़मीन पर, घर के आदमी का पीपे में. वो ख़ुद जब पहली बार आए, तब पूरे एक मौसम उनका भी नीचे ही गया. फिर एक सुबह मैडम ने उनका गिलास लिया और पीपे में डाल दिया. कुछ बोलीं नहीं. तब उनको पता चला कि..."

ती मध्येच थांबली.

"काय पता चला?" मी विचारले.

"कि रख लिया है."

बेर्नारांनी आणखी एक रेवडी घेतली आणि बोट नाचवत पुढे काही सांगितले. हे वाक्य मृणालने लगेच सांगितले नाही. मला दोनदा विचारावे लागले.

"पूछ रहे हैं, कल मैंने जितने पीपे चखे, सब अच्छे थे क्या. मैडम के पति थे, वो भी सबको अच्छा ही कहते थे. पर वो पति थे."

बाई परत आल्या. बेर्नार निरागसपणे चीजकडे वळले.

वेलींमध्ये

तिसऱ्या दिवशी बाईंनी मृणालला कामाला लावले. जूनमध्ये वेलींच्या फांद्या भरभर वाढतात. त्या हाताने उचलून दोन तारांच्या मध्ये अडकवायच्या, म्हणजे पानांत हवा खेळते आणि कोवळ्या हिरव्या मण्यांवर ऊन पडते. काम कठीण नाही, पण ओळ संपत नाही. मी बांधावर बसून पाहत होतो. मृणाल मान वर न करता ओळीच्या टोकापर्यंत गेली, वळली, दुसऱ्या ओळीने परत आली. नखांत हिरवा रंग भरला होता.

काम संपल्यावर पुन्हा तळघर. पुन्हा आधी लाल, मग पांढऱ्या. मी एव्हाना ओठ लावून चाखायला आणि नीटशा धारेने खडीवर टाकायला शिकलो होतो. मृणालने तिसऱ्या पांढऱ्या पिंपाशी पुन्हा पेला दोनदा नाकाशी नेला, आणि पुन्हा तोच शब्द म्हणाली. बाईंनी तिचा पेला घेतला. मी त्यांच्या हाताकडे पाहत राहिलो. खडी.

संध्याकाळी उजेड जाता जाईना. आम्ही दोघे बांधावरून चालत होतो.

"त्या पिंपात काय आहे?" मी विचारले.

तिने एकदम माझ्याकडे पाहिले. "आपको भी लगा?"

"मला वाइनीचं काही कळत नाही. तू थांबतेस ते दिसतं."

"कटा हुआ सेब होता है न, जो फ्रिज के बाहर रह जाए? वैसा. बहुत हल्का. पहले दिन ही लगा था. पीपे में कहीं से हवा जा रही है."

"मग बोलली का नाहीस?"

"कैसे बोलूँ, बाबा? उनके घर में रह रही हूँ, उनका खा रही हूँ. आप ही ने तो सिखाया है, परोसे हुए को नाम नहीं रखते." ती चालता चालता एक पान तोडून चुरत होती. "लखनऊ होता तो घुमा-फिरा के कह देती. फ्रेंच में घुमाना मुझे आता ही नहीं. सीधा निकलेगा."

"आणि नाही सांगितलंस तर?"

"तो परसों से फिर वही बर्फ."

प्रश्न विचार करण्यासारखा होता आणि तो विचार मी खोलीत परतल्यावर माझ्या पद्धतीने केला. जेवायला बसलेल्याने दोष काढला तर वाढणाऱ्याच्या कष्टांचा अपमान होतो. म्हणून आपला नियम आहे आणि तो चांगला आहे. पण शाळेत मी सारी वर्षे काय केले? लाल पेन घेऊन मुलांच्या चुका काढल्या. ज्या मुलाची चूक मी दाखवली नाही, त्याचे मी नुकसान केले असे समजलो. मग तळघर हे काय आहे, जेवणघर की वर्ग? ज्या बाई वाइन चाखायला परक्या मुलीला सातासमुद्रापलीकडून बोलावतात, त्या स्तुती ऐकायला बोलावतात का? मृणालला घरातला नियम मी शिकवला होता. तो कुठे लागू होतो हे शिकवायचे राहून गेले होते.

शेवटची सकाळ

चौथ्या दिवशी आमची गाडी दुपारची होती. सामान दारात ठेवून आम्ही शेवटच्या वेळी खाली उतरलो. बाईंनी त्यांच्या निर्णयाबद्दल एक शब्दही काढला नव्हता. बेर्नार काचेची नळी पुसत उभे होते आणि आज त्यांनी मला प्रोफेसर म्हटले नाही.

लाल वाइन झाल्या. पहिली पांढरी झाली, दुसरी झाली. तिसऱ्या पिंपाचे बूच निघाले. मृणालने पेला नाकाशी नेला, खाली घेतला, पुन्हा नेला. घोट घेतला आणि खडीवर टाकला. मग तिने फ्रेंचमध्ये बोलायला तोंड उघडले आणि माझ्याकडे पाहिले. बारा-तेरा वर्षांची असताना परक्या घरी तिला न आवडणारी भाजी वाढली की ती नेमकी अशीच पाहत असे.

मी मराठीत म्हणालो, "मृणाल, हे पान नव्हे. हा पेपर आहे. तपास."

ती बाईंकडे वळली. बोलली ते अगदी थोडे, आणि घुमवून-फिरवून मुळीच नाही, हे मला आवाजावरूनच समजले. शेवटी तो 'छान'वाला शब्द आला नाही. तिने पेला बाजूला ठेवला, वाकून पिंपाच्या पुढच्या फळ्यांवर बोट फिरवले आणि खालच्या बाजूला एका सांध्यापाशी थांबवले. तिथे लाकूड ओलसर, काळपट दिसत होते.

बाईंनी त्या सांध्याकडे पाहिलेसुद्धा नाही. त्यांनी बेर्नारांकडे पाहिले. बेर्नारांनी मिशा चोळल्या.

"पिंप गळतं, म्हणून आत हवा जाते," बाई मला इंग्रजीत म्हणाल्या. "त्या वाइनीचं व्हिनेगर होईल. मला महिन्यापूर्वीच कळलं."

म्हणजे प्रत्येक वेळी त्या ते पिंप जाणूनबुजून उघडत होत्या. मृणालच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "मैंने पहले दिन ही..." ती मला म्हणू लागली आणि थांबली.

"पहिल्या दिवशी तू काय म्हणालीस?" बाईंनी तिला विचारले. हे त्यांनी इंग्रजीत विचारले, बहुधा मलाही समजावे म्हणून.

"छान आहे, म्हणाले."

"हं," बाई म्हणाल्या. "बेर्नार पहिल्यांदा आला, तेव्हा त्यापेक्षा जास्त दिवस 'छान' म्हणत होता."

बेर्नारांना इंग्रजी येत नसले तरी स्वतःचे नाव कळले. ते छताकडे पाहू लागले.

मग आम्ही ओळीतल्या शेवटच्या पिंपाशी गेलो. ती उताराच्या मधल्या पट्ट्यातली पांढरी वाइन होती, जिथे मृणालने माती हातात घेतली होती. चौघांनी चाखली. मला तिच्यात ओल्या चुन्याचा वास आला. तो खरोखर होता की मुलीने सांगितल्यामुळे आला, हे मी खात्रीने सांगू शकत नाही. मृणालने पुष्कळ वेळ घेतला. मग काही सांगितले, त्यात थोडे चांगले होते आणि, बाईंच्या उंचावलेल्या भुवईवरून पाहता, थोडे चांगले नव्हतेही.

बाईंनी स्वतःचा पेला पिंपात रिकामा केला. बेर्नारांनी त्यांचा केला. मग बाईंनी हात पुढे करून मृणालचा पेला घेतला. त्यात दोन घोट उरले असतील, काठावर तिच्या ओठांची खूण होती. बाईंनी तो पिंपाच्या तोंडावर तिरका धरला, शेवटचा थेंब पडेपर्यंत धरला, आणि रिकामा पेला तिच्या हातात परत दिला. बेर्नारांनी बूच लावले आणि वरून लाकडी हातोडीने दोन ठोके दिले.

मृणाल हातातल्या पेल्याकडे पाहत होती. "बाबा, ठेवून घेतलं," ती म्हणाली. एवढेच म्हणाली, आणि ते मराठीत.

मालतीला घर कसे आहे ते सांगायचे होते, म्हणून मी एकदा सगळीकडे नीट पाहून घेतले: कमानी, पिंपांची ओळ, हातोडी पुन्हा खुंटीला अडकवणारे बेर्नार, त्यांच्याजवळ उभी असलेली माझी मुलगी. तेवढ्यात बाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी मोठ्या आदराने माझ्या हातातला पेला घेतला आणि खडीवर ओतला.